धुकं काढून टाकल्यावर

मराठी समीक्षेत 'वातावरणनिर्मिती' हा शब्द सगळीकडे चालतो. भयकथेच्या परीक्षणात चालतो, नाटकाच्या नेपथ्याबद्दल लिहिताना चालतो, चित्रपटातल्या पावसाबद्दल तर हमखास चालतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मूळ गोष्टीभोवतीची सजावट' इतकाच असतो. कथा आहे, पात्रं आहेत, आणि चवीपुरतं वातावरण. व्हिडिओ गेम्सबद्दल बोलताना हा अर्थ पुरत नाही. गेममध्ये तुम्ही जागा नुसती पाहत नाही; तिच्यात चाळीस-पन्नास तास वावरता, वाट चुकता, त्याच जिन्यावरून दहादा ये-जा करता. पुढे अनेक वर्षांनी त्या गेमची कथा धड सांगता येत नाही, खलनायकाचं नाव आठवत नाही. पण जागा आठवते. एखाद्या गावी लहानपणी राहिलो होतो, तशी.

मग हे वातावरण गेममध्ये नेमकं असतं कुठे? गेम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे: तपशिलात. दर नवा कन्सोल येतो तेव्हा गवताची आणखी पाती, चेहऱ्यावरची आणखी छिद्रं, पाण्यातली आणखी प्रतिबिंबं दाखवली जातात. २०१८ साली आलेला 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा या विचाराचा कळस म्हणता येईल. त्यात बर्फात पावलं उमटतात, नायकाची दाढी दिवसागणिक वाढते, मारलेलं जनावर पडून राहिलं तर सडतं. पण त्याच गेममध्ये एखादी मोहीम चालू असताना ठरवून दिलेल्या रस्त्यापासून थोडं बाजूला गेलात, की मोहीम फसल्याची पाटी येते आणि मागच्या टप्प्यापासून पुन्हा. इतकं जिवंत जग, आणि त्यात चालायचं मात्र दोरी धरून.

तपशील आणि वातावरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा संशय इथे येतो. तो तपासायचा कसा?

कोड लिहिणाऱ्यांना 'डिफ' नावाचं साधन रोज लागतं. एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवायच्या आणि कोणत्या ओळी बदलल्या ते पाहायचं. काल चालणारी गोष्ट आज चालत नसेल, तर दोष बहुधा त्या बदललेल्या ओळींत असतो. साहित्याच्या समीक्षकाला ही चैन सहसा मिळत नाही; तीच कादंबरी कुणी 'जास्त स्पष्ट' करून पुन्हा लिहीत नाही. गेम्सच्या धंद्यात मात्र हे सतत चालतं. जुना गाजलेला गेम नव्या यंत्रासाठी रीमास्टर होतो, नव्याने बांधला जातो किंवा त्याचा पुढचा भाग येतो. प्रत्येक वेळी काहीतरी सुधारतं. कधीकधी त्या सुधारणेत काहीतरी निसटतं. काय निसटलं ते पाहिलं, की वातावरण कुठे राहत होतं याचा पत्ता लागतो. असे तीन डिफ इथे मांडतो.

१. धुकं

कोनामी कंपनीचा 'सायलेंट हिल' १९९९ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आला. त्या यंत्राची मुख्य मेमरी होती २ एमबी. आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. एवढ्या जागेत अख्खं गाव उभं करायचं, तर दूरची घरं चितारणं परवडणारं नव्हतं. म्हणून दूरचं सगळं धुक्यात आणि अंधारात बुडवलं. ही कहाणी गेम्सच्या जगात दंतकथेसारखी सांगितली जाते: अडचणीतून सौंदर्य जन्मलं वगैरे. ती खरी आहे, पण अर्धी. धुकं तर त्या काळच्या कितीतरी गेम्समध्ये होतं आणि तिथे ते फक्त धुकं होतं.

'सायलेंट हिल'ने त्या धुक्यावर बाकीचा गेम बेतला. नायकाला एक छोटा रेडिओ सापडतो. जवळपास काही भयंकर असलं की तो खरखरू लागतो. पण ते कुठल्या दिशेला आहे, हे सांगत नाही. दिसत नाही, म्हणून ऐकावं लागतं. ऐकू येतं ते अर्धवट, म्हणून थांबावं लागतं. हातात कागदी नकाशा आहे, आणि खचलेला रस्ता किंवा बंद दार लागलं की नायक त्यावर स्वतः पेनाने खूण करतो. म्हणजे नकाशाला ठाऊक असतं ते तुम्ही पायी फिरून मिळवलेलंच. धुकं, रेडिओ आणि नकाशा या तीन गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत. 'सायलेंट हिल २' हा पुढचा भाग २००१ साली प्लेस्टेशन २ वर आला. त्या यंत्राची मेमरी ३२ एमबी होती, म्हणजे सोळापट. तरी धुकं राहिलं. मेलेल्या बायकोचं पत्र घेऊन आलेला जेम्स गावात शिरण्याआधी जंगलातल्या पायवाटेने बराच वेळ चालतो, आणि त्या वाटेवर काहीही घडत नाही. पहिल्या हल्ल्याच्या आधीच खेळणाऱ्याचे खांदे आखडलेले असतात.

आता डिफ. २०१२ साली दुसरा आणि तिसरा भाग मिळून 'एचडी कलेक्शन' निघालं. ज्या स्टुडिओला हे काम दिलं, त्याच्या हाती अंतिम सोर्स कोड आलाच नाही. जपून ठेवलेला नव्हता. अर्धवट आवृत्तीवरून त्यांना पुढचं सगळं पुन्हा रचावं लागलं. चित्र स्वच्छ झालं, कडा धारदार झाल्या, आणि धुकं विरलं. जे कधी दिसायचंच नव्हतं ते दिसू लागलं: तळ्याचं पाणी एके ठिकाणी सरळ रेषेत कापल्यासारखं संपतं. पण तळ्याच्या त्या कडेपेक्षा मोठं नुकसान आतलं होतं. रस्त्यावर लांबवर दिसायला लागलं, की रेडिओ आधीच दिसलेल्या गोष्टीची वर्दी देतो. नकाशाची गरज कमी होते. एक आकडा बदलला, आणि त्याच्यावर विसंबलेल्या सगळ्या गोष्टी सैल पडल्या. ज्यांनी मोठ्या सिस्टिमवर काम केलंय त्यांना हा अनुभव नवा नाही: निरुपयोगी वाटणारी ओळ काढावी आणि तिसऱ्याच खोलीतला दिवा जावा.

याची उलट बाजूही आता उपलब्ध आहे. २०२४ साली पोलंडच्या ब्लूबर टीमने 'सायलेंट हिल २' नव्याने बांधला. आजच्या यंत्राला अख्खं गाव एका दमात चितारता येतं, तरी त्यांनी धुकं दाट ठेवलं. गंमत अशी, की धुक्याआड न दिसणारी घरंही यंत्र निमूटपणे चितारत बसतं, असं तांत्रिक चिरफाड करणाऱ्यांनी दाखवून दिलं. १९९९ साली धुकं यंत्राचे कष्ट वाचवायला होतं. पंचवीस वर्षांनी तेच धुकं राखायला यंत्र जास्तीचे कष्ट करतं. इंजिनिअर म्हणून हे पाहून वाईट वाटतं. वाचक म्हणून वाटत नाही.

२. रिकामपण

दुसरा डिफ जास्त नाजूक आहे, कारण यात कुणाचं काम वाईट झालेलं नाही.

फुमितो उएदा यांनी दिग्दर्शित केलेला 'शॅडो ऑफ द कलॉसस' २००५ साली प्लेस्टेशन २ वर आला. वाँडर नावाचा तरुण एका मृत मुलीला घेऊन एका निषिद्ध प्रदेशात येतो. तिथला अदृश्य आवाज त्याला सांगतो, सोळा महाकाय प्राणी मार, मग मुलगी उठेल. बस. गावं नाहीत, माणसं नाहीत, वाटेत किरकोळ शत्रू नाहीत. तलवार उन्हात उंच धरली की किरण एकवटून पुढच्या महाकायाची दिशा दाखवतात. सावलीत तलवार मुकी. मग घोडी काढायची आणि मैलोन्‌मैल दौडत जायचं. या प्रवासात संगीत नाही. टापा आणि वारा. घोडीसुद्धा बटण दाबलं की वळणारं यंत्र नाही. ती तिच्या मनाने थबकते, दरीची कड आली की स्वतःच वळते.

उएदा यांच्या पद्धतीला 'वजाबाकीने रचना' म्हटलं जातं. सुरुवातीला अठ्ठेचाळीस महाकायांचा विचार होता, मग चोवीस, शेवटी सोळा. म्हणजे हे रिकामपण कापत कापत आणलेलं आहे, काम अपुरं राहिल्याने आलेलं नाही. आणि ते कशासाठी आहे, हे पहिला महाकाय पडला की कळतं. तुम्ही त्याच्या केसाळ अंगावर लोंबकळत, त्याच्या डोक्यात तलवार खुपसून त्याला मारलेलं असतं. तो कोसळताना विजयाचं संगीत वाजत नाही, शोकाचं वाजतं. त्याच्या देहातून निघालेले काळे धागे वाँडरच्या अंगात शिरतात. शुद्ध येते ती पुन्हा मंदिरात. मग पुन्हा तलवार, पुन्हा दिशा, पुन्हा दहा मिनिटांची निःशब्द दौड. या दहा मिनिटांत करायला काहीच नाही, म्हणून विचार येतो: त्या प्राण्याने माझं काय केलं होतं? अनेक महाकाय तुम्ही छेड काढेपर्यंत आपल्या जागी शांत असतात. या गेममध्ये नैतिक प्रश्न विचारणारं एकही पात्र नाही. तो प्रश्न मैदान विचारतं. वाटेत शत्रू, नाणी, संवाद पेरले असते, तर हात कामात राहिले असते आणि प्रश्न बाजूला पडला असता.

२०१८ साली ब्लूपॉइंट स्टुडिओने प्लेस्टेशन ४ साठी हा गेम नव्याने बांधला. अत्यंत प्रेमाने आणि कौशल्याने. दगडांवर शेवाळ आलं, गवत दाट झालं, जुन्या यंत्रावर धापा टाकणारी हालचाल सुरळीत झाली. मूळ गेममध्ये दूरचे डोंगर पांढुरक्या उजेडात विरघळून जायचे, तिथे आता कडे आणि भेगा मोजता येतात. यावर जुन्या चाहत्यांत पुष्कळ वाद झाले. मला त्यात दोन्ही बाजू पटतात. पण एका गोष्टीकडे मला जास्त लक्ष वेधायचं आहे. ब्लूपॉइंटने त्या प्रदेशात ७९ चकाकती नाणी लपवली. ती सगळी गोळा केली की मंदिरातलं एक दार उघडतं आणि एक तलवार मिळते.

यामागे एक हृद्य संदर्भ आहे. मूळ गेम आल्यावर काही खेळाडू कितीतरी वर्षं त्या रिकाम्या प्रदेशात शेवटचं रहस्य शोधत राहिले. कुठेतरी सतरावा महाकाय असेल, कुठेतरी दार असेल. त्यांनी कडे चढले, एकमेकांचे कयास ताडून पाहिले. काहीच नव्हतं. ती नाणी म्हणजे त्या शोधाला केलेला नमस्कार आहे. तरीही त्याने नजर बदलते. एकदा कळलं की दगडांमागे नाणी आहेत, की दगड हा दगड राहत नाही. तो 'इथे बघितलं का?' असा प्रश्न होतो. प्रवासाची दहा मिनिटं आता शोधाची होतात आणि हातांना पुन्हा काम मिळतं. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं काहीच नसलेल्या जागी शोध घेतला, त्यांना ती जागा आपल्या बोटांच्या रेषांसारखी पाठ झाली होती. त्यांना काही मिळालं नाही, हेच त्यांना मिळालेलं होतं.

३. बेपर्वाई

तिसरा डिफ दृश्याचा नाहीच. तो न दिसणाऱ्या गोष्टीचा आहे.

युक्रेनमधल्या कीव्ह शहरातल्या जीएससी गेम वर्ल्ड या स्टुडिओचा 'स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल' २००७ साली आला. स्त्रुगात्स्की बंधूंची कादंबरी, तारकोव्हस्कीचा १९७९ चा चित्रपट आणि १९८६ ची प्रत्यक्ष दुर्घटना या तिन्हींचं त्यात मिश्रण आहे. बनवणारे लोक त्या निषिद्ध क्षेत्रात जाऊन फोटो काढून आले होते. झोनमध्ये ठिकठिकाणी अदृश्य सापळे आहेत. ते कुठे आहेत हे पाहायला खिशातला लोखंडी बोल्ट पुढे फेकायचा. चालण्याआधी जमिनीला विचारायचं, अशी ही रीत.

पण 'स्टॉकर'चा जीव 'ए-लाइफ' नावाच्या यंत्रणेत होता. कल्पना अशी: तुम्ही जिथे नाही, तिथेही जग चालू राहिलं पाहिजे. तुमच्या जवळची पात्रं पूर्ण तपशिलाने हलतात. दूरची पात्रं चितारली जात नाहीत, पण त्यांचा हिशेब चालू असतो: ही टोळी या वाटेने निघाली, त्या टोळीशी गाठ पडली, इतके मेले. त्यामुळे तुम्ही एखाद्या पडक्या शेतघरापाशी पोचता तेव्हा तिथे दोन प्रेतं पडलेली असतात आणि एक कुत्रा. काय झालं? कुणी लिहून ठेवलेलं नाही. ती कथालेखकाने मांडलेली प्रेतं नाहीत. तुम्ही दुसरीकडे असताना खरोखर काहीतरी घडून गेलेलं आहे. ही यंत्रणा अनेकदा वेडंवाकडं वागायची, हेही खरं. पण शेकोटीभोवती गिटार वाजवणारी माणसं तुमच्यासाठी वाजवत नाहीत, ही जाणीव त्या गेममध्ये पक्की होती.

'स्टॉकर २' नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. मध्ये जे घडलं ते विसरून त्याची परीक्षा करणं अन्यायाचं होईल. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं पूर्ण आक्रमण सुरू झालं, स्टुडिओचा एक भाग प्रागला हलला, काही सहकारी लढायला गेले. अशा स्थितीत हा गेम पूर्ण झाला हीच मोठी गोष्ट. त्यातला चिखल, वादळाआधीचा पिवळा उजेड, गंजलेलं लोखंड पाहताना पहिला भाग पोरखेळ वाटतो. पण पहिल्याच आठवड्यात खेळाडूंच्या लक्षात आलं, की मोकळ्या माळावर, जिथे क्षणापूर्वी कुणी नव्हतं, तिथे पाठीमागे सशस्त्र टोळी उगवते. त्यांना मारून थोडं दूर जाऊन परत यावं, तर पुन्हा नवी टोळी. स्टुडिओनेही मान्य केलं, की यंत्रावरचा भार आटोक्यात ठेवताना जिवंत जगाचा परीघ फार आकसला होता. पुढच्या पॅचेसमध्ये त्यांनी तो दुरुस्त करायला घेतला.

या दोषाने एरवी फक्त वैताग यावा. इथे त्यामुळे जागाच मेली. कारण माणसं तुमच्याभोवती उगवू लागली, की जग तुमच्याभोवती फिरतंय हे उघड होतं. मग तो पिवळा उजेडही तुमच्यासाठी लावलेला दिवा होतो.

४. गिऱ्हाईक आणि वाटसरू

तीन डिफमध्ये निसटलेल्या ओळी वेगवेगळ्या आहेत: न दिसणं, न मिळणं, आणि जगाला आपली पर्वा नसणं. पण त्यांचं मूळ एक आहे. या जागा आपल्यासाठी बांधलेल्या नाहीत, असं त्या आपल्याला भासवत होत्या. त्यात आपण वाटसरू होतो. गिऱ्हाईक झालो, की जागेचं दुकान होतं. मोठ्या खुल्या जगाच्या गेम्समध्ये उंच मनोऱ्यावर चढलं की नकाशावर शेकडो चिन्हं उमटतात, तो क्षण म्हणजे दुकानाचं शटर वर जाणं. सगळा माल मांडलेला. यादी करा आणि उचला.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी किल्ल्यांची आणि बालीच्या देवळांची आठवण करून देणारी शहरं, भिंतींवर पुराणकथांची चित्रं. भारतीय गेम इतका देखणा असू शकतो, हे त्याने दाखवलं. पण त्यात दुर्गा आणि विष्णू सतत बोलत असतात. मूर्ती दिसली की ती कुणाची, भित्तिचित्र दिसलं की त्याची कथा. वेरूळला गाईड मागे लागतो तसं. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. हा गेम जगभर विकायचा होता आणि टेक्सासमधल्या खेळाडूला ती मूर्ती ओळखू येणार नाही. पण जपानच्या लोकांनी तलवारीतून निघणाऱ्या किरणाचा खुलासा आपल्याला कधी केला नाही, आणि आपलं काही अडलंही नाही. खेळणाऱ्याला न कळण्याचा हक्क द्यायला धीर लागतो. पहिलाच मोठा प्रयत्न करणाऱ्या छोट्या स्टुडिओकडे तो नसणं हा गुन्हा नाही. पण पुढच्या भारतीय गेम्सनी 'राजी'कडून रंग घ्यावेत आणि निवेदन सोडून द्यावं, असं वाटतं.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्हींत दम आहे. पहिला: दिवसभर राबून रात्री जेमतेम तासभर मिळणाऱ्या माणसाने रिकाम्या मैदानात घोडी का दौडवावी? खरं आहे, आणि ज्याला दिसायला किंवा हात चालवायला त्रास आहे, त्याला मोठी अक्षरं, बदलता येणारी बटणं मिळालीच पाहिजेत. पण त्या सोयी खेळाडूला दारापर्यंत आणतात. आत गेल्यावर काय सापडेल हे आधीच सांगणं ही वेगळी गोष्ट आहे. दुसरा आक्षेप: रिकामपणाच्या नावाखाली आळसही खपतो. तोही खरा. 'कलॉसस'नंतर ओसाड माळरानांचं पीक आलं आणि त्यातली बरीच नुसती ओसाड होती. फरक ओळखायची खूण एकच: जे काढलं आहे, त्याची जागा खेळणाऱ्याच्या मनातल्या कुठल्या हालचालीने घेतली?

हे सगळं मला गेम्सपुरतं वाटत नाही, कारण दिवसभर मी जे काम करतो ते नेमकं याच्या उलट आहे. माझ्या पेशात 'फ्रिक्शन', म्हणजे वापरणाऱ्याला कुठेही अडावं लागणं, हा शत्रू मानला जातो. एक टप्पा कमी करा, एक प्रश्न कमी विचारा, बोट थांबू देऊ नका. बिल भरायच्या ॲपमध्ये हे योग्यच आहे. पण तीच शिकवण घेतलेले हात जेव्हा जुन्या गेमची नवी आवृत्ती काढायला बसतात, तेव्हा धुकं, लांब वाट, मुकी तलवार या सगळ्या गोष्टी दुरुस्तीच्या यादीत जाण्याचा धोका असतो. आमच्या बग नोंदवायच्या यादीत 'फार वेळ चालावं लागतं' असं लिहायला रकाना आहे. 'चालताना जे वाटायचं ते आता वाटत नाही' असं लिहायला नाही.

तरी तिन्ही ठिकाणी ती तक्रार आलीच. धुकं विरलं तेव्हा, उजेड बदलला तेव्हा, टोळ्या उगवू लागल्या तेव्हा सामान्य खेळाडूंनीच बोट ठेवलं. त्यातल्या अनेकांना मेमरी, सोर्स कोड, ए-लाइफ यातलं काही ठाऊक नसेल. त्यांना ती जागा ठाऊक होती, आणि कुणीतरी तिच्यातलं सामान हलवलंय हे त्यांना आत पाऊल टाकताच कळलं.